फळ, अधिकार आणि नशीब : प्रतिनायकाच्या यशासंबंधी काही विचार

मराठी समीक्षेत 'अँटी-हीरो' या संज्ञेसाठी 'प्रतिनायक' हा शब्द रुळला, त्याला बराच काळ लोटला. शब्द सोयीचा आहे. पण तो रिकामा नव्हता, हे आपण विसरलो. धनंजयाच्या 'दशरूपका'त प्रतिनायक म्हणजे नायकाचा वैरी. तो लोभी, उद्धत, ताठर, पापाचरणी आणि व्यसनी असतो. रामासमोर रावण, युधिष्ठिरासमोर दुर्योधन. आपण ज्याला प्रतिनायक म्हणतो तो कोणासमोर उभा नसतो. तो नायकाच्या रिकाम्या जागेवर, काहीसा संकोचून, काहीसा निर्लज्जपणे येऊन बसलेला असतो. दस्तयेवस्कीच्या १८६४ सालच्या 'तळघरातील टिपणां'चा निवेदक अखेरीस स्वतःच कबूल करतो की, येथे नायकाला न शोभणारी सारी लक्षणे मुद्दाम एकत्र केली आहेत. म्हणजे एकाने नायकाशी लढायचे असते आणि दुसऱ्याने नायकाची जागा अडवायची असते. एकच शब्द या दोन्हींसाठी वापरल्याने फार मोठे नुकसान झाले असे नाही. पण दुसऱ्याच्या बाबतीत जो प्रश्न उभा राहतो तो या शब्दामुळे झाकला गेला. तो प्रश्न असा की, नायकाची लक्षणे नसलेल्या माणसाला कथानकात काही मिळालेच, तर ते कशाच्या बळावर मिळते?

जुन्या नाट्यविचारात या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले होते. 'दशरूपक' मुख्य कथावस्तूला 'आधिकारिक' म्हणते, आणि 'अधिकार' या शब्दाचा अर्थ तेथे फळाचे स्वामित्व असा आहे. ज्याचे त्या फळावर स्वामित्व तो अधिकारी, म्हणजेच नायक. आरंभापासून फलागमापर्यंतच्या पाच अवस्था या त्याच्याच वाटचालीच्या अवस्था होत. मधे अडथळे येतील, दैव आडवे येईल, अंगठी हरवेल. पण फळ शेवटी त्याचेच. दैवाला तेथे विलंब करण्याची मुभा आहे, मालक बदलण्याची नाही. गंमत अशी की, 'अधिकार' हाच शब्द भगवद्गीतेत नेमक्या उलट दिशेने वापरला आहे. तेथे अधिकार कर्मावर आहे, फळावर मुळीच नाही. आणि अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची जी पाच कारणे सांगितली, त्यांतले पाचवे दैव. एकाच परंपरेने नाटकात फळ अधिकाऱ्याच्या हाती दिले आणि तत्त्वज्ञानात ते त्याच्या हातून काढून घेतले. आधुनिक कादंबरीतला प्रतिनायक या दोहोंच्या मधल्या फटीत जन्मतो असे मला वाटते. नाट्यशास्त्राच्या अर्थाने त्याला अधिकार नाही आणि गीतेच्या अर्थाने त्याने कर्मही धड केलेले नाही. तरीही कधी कधी फळ त्याच्याच पदरात पडते. त्याला आपण नशीब म्हणतो.

फळाचा मालक बदलण्याचा प्रमाद जुन्या साहित्यात अगदी घडलाच नाही असेही नाही. 'मृच्छकटिका'तला संवाहक आठवावा. जुगारात दहा सुवर्णमुद्रा हरून पळालेला हा माणूस वसंतसेनेच्या घरात शिरतो, ती आपले कडे देऊन त्याचे ऋण फेडते, तो विरक्त होऊन भिक्षू बनतो, पुढे योगायोगानेच अर्धमेल्या वसंतसेनेला वाचवतो आणि शेवटी राज्यातल्या सर्व विहारांचा कुलपती नेमला जातो. जुगाऱ्याचा कुलपती! शूद्रकाने हे इतक्या सहजपणे केले आहे की, वाचकाला त्यात अन्याय दिसत नाही. याचे एक कारण असे की, संवाहक प्रकरणातला नायक नाही. त्याला नशीब फळले तरी चारुदत्ताच्या फळाला धक्का लागत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. त्याच्या नशिबाचा खर्च कोणी तरी उघडपणे केला आहे. कडे वसंतसेनेच्या हातातले आहे आणि प्रेक्षकाने ते उतरताना पाहिले आहे. हा खर्चाचा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे.

मराठी कादंबरीने आरंभी हा पेच स्वतःला पडू दिला नाही. नेमाड्यांनी 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) या तीन कादंबऱ्यांवरून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती सांगितल्या, त्या सर्वपरिचित आहेत. त्यांपैकी 'मुक्तामाले'च्या वळणाच्या कादंबरीत योगायोगांची रेलचेल असली, तरी ते सारे योगायोग सद्गुणांच्या पगारावर असतात. ताटातूट होते ती पुन्हा भेट व्हावी म्हणून. पुढे फडक्यांच्या काळी तंत्राची चर्चा वाढली, तेव्हा योगायोग हा रचनेचा प्रश्न झाला: तो किती असावा, कोठे असावा, वाचकाला तो खटकू नये म्हणून काय करावे. योगायोगाचा लाभ कोणाला होतो, हा प्रश्न तंत्राच्या कक्षेत बसणारा नव्हता. विनोदी वाङ्मयाने मात्र तो आपल्या परीने हाताळला. चिं. वि. जोश्यांच्या चिमणरावाचे सगळे फजितीत निघते आणि अधूनमधून फजितीतूनच त्याचे भले होते. पण विनोदात नशिबाला माफी असते, त्याचा हिशेब कोणी मागत नाही.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा. आपल्या समीक्षेत नियतीची चर्चा भरपूर आहे, विशेषतः जी. ए. कुलकर्ण्यांच्या कथांच्या संदर्भात. नशिबाची चर्चा त्या मानाने फारशी नाही. जणू नशीब हा नियतीचाच गावठी पर्याय आहे. तसे ते नाही. नियतीला आराखडा असतो. तो माणसाला कळत नसेल, पण जी. एं.च्या कथेत तो असल्याची भयंकर जाणीव सतत असते. त्यामुळे तिथला पराभवही भव्य होतो. नशिबाला आराखडा नाही. संस्कृतातला काकतालीय न्याय घ्या: कावळा येतो आणि ताडाचे फळ पडते, दोन घटना एकत्र आल्या, एवढेच. मराठीने तीच कल्पना घेतली आणि फळाऐवजी फांदी मोडली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली की, आळ कावळ्यावर येतो. मला मराठी म्हण अधिक खोल वाटते. योगायोग घडल्यावर जबाबदारी कोणाच्या माथी येते, एवढा एकच प्रश्न तिला पडला आहे आणि कादंबरीचाही तोच प्रश्न आहे.

या पार्श्वभूमीवर 'कोसला' (१९६३) पुन्हा वाचावीशी वाटते. पांडुरंग सांगवीकर हा मराठीतला प्रतिनायकाचा सर्वमान्य नमुना. आणि त्याच्या बाबतीत यश हा शब्द उच्चारणेही विक्षिप्त वाटेल. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला गेलेला हा मुलगा वसतिगृहातल्या आणि महाविद्यालयातल्या उठाठेवींत पैसा आणि वर्षे घालवतो, शिक्षण निष्फळ ठरवतो, गावी परततो. अर्पणपत्रिकाच शंभरांतल्या नव्याण्णवांना उद्देशून आहे. उरलेला एक जो असतो, ज्याच्या वाट्याला फळ जाते, त्याच्याविषयीच्या कादंबऱ्या यापूर्वी लिहून झाल्या होत्या. ही इतरांची, असा तो दावा आहे. गेल्या साठ वर्षांत तो दावा आपण जसाच्या तसा मान्य केला. अस्तित्ववाद, परात्मता, पिढीतला दुरावा, देशीयता या सर्व वाटांनी 'कोसला' वाचली गेली आणि प्रत्येक वाटेवर पांडुरंगाचे अपयश हे गृहीत धरले गेले.

हे गृहीत पहिल्यांदा हलवले ते माझ्या एका विद्यार्थ्याने. एम. ए.च्या वर्गात 'कोसला' चालू होती आणि मी अर्थशून्यतेविषयी बरेच बोलून झालो होतो. धुळे जिल्ह्यातून आलेला, सालदाराचा मुलगा. त्याने विचारले, पांडुरंगाच्या जागी त्याच्या वडिलांच्या सालदाराचा मुलगा असता, तर कादंबरी किती पानांची झाली असती? वर्ग हसला. मीही काही तरी उत्तर दिले. वर्गाचा प्रश्न हा साहित्यबाह्य असतो, लेखकाने जे लिहिले त्याचीच समीक्षा करावी, अशा अर्थाचे. ते उत्तर चुकीचे होते. प्रश्न संहितेच्या आतलाच आहे. पांडुरंगाला नापास होता येते, कारण परतायला वाडा आहे. वडील गावातले वजनदार शेतकरी आहेत, त्यांच्यावर रागावता येते, त्यांचे पैसे उधळता येतात आणि तरीही ते वडीलच राहतात. बहिणींमध्ये तो एकुलता एक मुलगा आहे. शेत त्याच्याकडेच येणार आहे, त्याने काही केले तरी आणि काहीच केले नाही तरी. नाट्यशास्त्राच्या भाषेत फळाचे स्वामित्व त्याला जन्मतःच मिळालेले आहे. फक्त ते फळ म्हणून कादंबरीत दाखवलेले नाही. आपण ज्याला त्याचे अपयश म्हणतो, ती एका भक्कम नशिबाच्या ओसरीवर बसून केलेली गोष्ट आहे.

यात 'कोसला'चे मोल कमी करण्याचा हेतू नाही. उलट, एवढे लक्षात आल्यावर मनीच्या मृत्यूचे प्रकरण वेगळेच दिसू लागते. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते आणि पांडुरंगाचा निवेदनातला सगळा उपरोध तेथे मोडून पडतो. या प्रकरणाचे वाचन बहुधा मृत्यूच्या निरर्थकतेचा साक्षात्कार असे केले जाते. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. एकाच घरात, एकाच अन्नावर, दोन मुले वाढतात. एकाला पुण्याला पाठवून वर्षानुवर्षे पैसे पुरवले जातात आणि दुसरी मरते. पांडुरंगाचा जो संताप घरावर, आईवडिलांवर कोसळतो, तो केवळ मृत्यूवरचा संताप नाही. आपण वाचलो आणि ती वाचली नाही, या वाटणीवरचा तो संताप आहे. संपूर्ण कादंबरीत पांडुरंगाला आपले नशीब दिसते ते याच एका ठिकाणी. आणि दिसते ते बहिणीच्या उणेपणाच्या रूपाने. त्यानंतरची अनास्था, परीक्षांविषयीची बेफिकिरी, दैनंदिनीतल्या तुटक नोंदी, या सगळ्याला एक नैतिक कारण मिळते. ज्याला न मागता मिळाले आहे त्याने आणखी मिळवण्याचे नाकारणे, असे ते कारण आहे. तो यश नाकारतो, पण नशीब नाकारू शकत नाही. गावी परतून तो पुन्हा त्याच्याच छायेत येतो. कादंबरीचा शेवट जो निवलेला, थंड वाटतो, त्याचे मर्म मला येथे सापडते.

मग नेमाड्यांनी हे नशीब उघड का केले नाही? याचे एक उत्तर खानदेशाच्या शेतीत आहे, असे मला वाटते. कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या माणसाला श्रम आणि फळ यांची फारकत ही कथानकातली चमत्कृती वाटत नाही. ती त्याची दर वर्षाची स्थिती असते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालू होती, म्हणून खानदेशच्या कापसाला अचानक सोन्याचे दिवस आले. यादवी संपली आणि भाव कोसळला. येथे ज्याने गाडीभर कापूस बाजारात नेला त्याचे कर्तृत्व दोन्ही वर्षी सारखेच होते. पुढे मुंबईत जो आकड्यांचा जुगार मटका म्हणून पसरला, तोही सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या व बंद होणाऱ्या भावांवर खेळला जाई. बाजारातल्या शेतकऱ्याचे आणि नाक्यावरच्या जुगाऱ्याचे भवितव्य अशा रीतीने एकाच सट्ट्याच्या दोरीला बांधलेले होते, फरक एवढाच की जुगाऱ्याला ते ठाऊक होते. अशा प्रदेशातून आलेल्या लेखकाला नशीब ही स्वतंत्र सांगण्यासारखी गोष्ट वाटणार नाही. ते हवेसारखे सर्वत्र असते, म्हणून संहितेत दिसत नाही. बहिणाबाईंनी मात्र ते नेमके पाहिले होते. आपले दैव आपल्याला कळते असे सांगून ज्योतिषाला दारातून परत पाठवणारी त्यांची कविता प्रसिद्ध आहे. वैधव्य, शेत आणि जाते एवढ्या भांडवलावर दैवाशी असा व्यवहार करणे पांडुरंगाला जमले नसते. त्याला ज्योतिषाची गरज नव्हती आणि त्याला परतवण्याचीही. (स्वतः बहिणाबाईंच्या कविता टिकल्या ते घरातल्या मुलांनी त्या उतरवून घेतल्या म्हणून, आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, त्या पुस्तकरूपाने आल्या. अशा किती जणींच्या घरात लिहिणारे कोणी नव्हते, याचा हिशेब वाङ्मयेतिहासात नसतो. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.)

'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' (१९७५ ते १९७९) या कादंबऱ्यांत चांगदेव पाटील येतो आणि प्रश्न थोडा पुढे सरकतो, कारण चांगदेवाला फळ म्हणून काही मिळते: नोकरी. तो इंग्रजीचा प्राध्यापक होतो, एक गाव सोडतो, दुसऱ्या गावी जातो, बिढार पाठीवर घेऊन. समीक्षेचे लक्ष त्याच्या वाट्याला आलेल्या संस्थांच्या बकालपणाकडे, जातीच्या राजकारणाकडे, त्याच्या एकटेपणाकडे गेले. जाणे स्वाभाविक होते. परंतु नोकरी सोडणे आणि पुन्हा मिळणे हे या कादंबऱ्यांत ज्या सहजतेने घडते, तिच्याकडेही पाहिले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर तालुक्या-तालुक्यांत महाविद्यालये निघत होती आणि इंग्रजीचा एम. ए. ही त्या काळी कोठेही वटणारी हुंडी होती. चांगदेवाची प्रामाणिक चीड, त्याचा राजीनामा खिशात घेऊन वावरण्याचा ताठा, यांना या हुंडीचे पाठबळ आहे. त्याच्या पिढीला दहा वर्षांनी जन्म मिळाला असता तर हा ताठा त्याला परवडला असता का? मी हे खिजवण्यासाठी विचारत नाही. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे, नेट-सेट होऊन, पीएच. डी. होऊन बसलेले माझे विद्यार्थी आज चांगदेव वाचतात, तेव्हा त्यांना त्यातली परात्मता कळते; पण राजीनामा कळत नाही. त्यांच्या दृष्टीने ती अद्भुतरम्य घटना आहे. वास्तववादी म्हणून लिहिलेल्या कादंबरीतला एक धागा काळाने 'मुक्तामाले'च्या बाजूला सरकवला, असे म्हणता येईल.

येथपर्यंतचे विवेचन एकांगी वाटण्याचा संभव आहे. ज्याला जन्मतः काही मिळाले त्याच्या दुःखाला किंमत नाही, असा त्याचा अर्थ कोणी काढील. तसा तो नाही. एका विशिष्ट प्रकारचे नशीब कादंबरीत झाकले जाते आणि दुसऱ्या प्रकारचे उघडे पडते, एवढेच मला दाखवायचे आहे. उद्धव शेळक्यांच्या 'धग' (१९६०) मधली कौतिक ही 'कोसला'च्या आधी तीनच वर्षांची. तिच्याजवळ कर्म आहे, श्रम आहेत, जिद्द आहे. नायकाला लागणारे सगळे आहे आणि फळ नाही. नवऱ्याचा आजार, गरिबी, मुलांचे भवितव्य, एकेक गोष्ट तिच्या हातून निसटत जाते. तेथे नशीब प्रत्येक पानावर दिसते, कारण ते वाईट आहे. चांगले नशीब पार्श्वभूमीत जाते आणि वाईट नशीब कथानक होते, हा कथनाचाच एक स्वभाव असावा. म्हणून सुदैवी माणसाला आपले चरित्र स्वकर्तृत्वाचे वाटते आणि सुदैवी प्रतिनायकाला आपले चरित्र स्वतःच्या अपयशाचे वाटते. दोन्ही ठिकाणी 'स्व'च शिल्लक राहतो.

याच्या उलट टोकाला दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथने आहेत. ती कादंबऱ्या नव्हेत, हे मान्य. पण त्यांचा निवेदक पारंपरिक अर्थाने नायक नाही आणि त्याला काही तरी मिळालेले आहे, निदान पुस्तक लिहिण्याची शक्यता तरी. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) चोरीवर जगायला भाग पाडलेल्या जमातीतला एक मुलगा शाळेत घातला जातो आणि पुढे लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो. तो शाळेत गेला आणि त्याच्या वयाची बाकीची मुले गेली नाहीत, यामागे त्याचे कर्तृत्व नव्हते. आणि निवेदनाला हे पुरेपूर ठाऊक आहे. आपण वाचलो ते कशामुळे, आणि जे वाचले नाहीत ते कोण, ही यादी तो स्वतःच देतो. पांडुरंगाला ज्या हिशेबापर्यंत पोचायला मनीचा मृत्यू लागला, तो येथे पहिल्या पानापासून मांडलेला असतो.

खर्चाचा मुद्दा आता घेतो. किरण नगरकरांनी 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) नंतर इंग्रजीत लिहिलेल्या 'रावण अँड एडी' (१९९५) या कादंबरीचा आरंभ या दृष्टीने विलक्षण आहे. माझगावच्या चाळीत आईच्या हातून सुटून तान्हे मूल गॅलरीतून खाली पडते. खाली उभा असलेला व्हिक्टर कुटिन्हो ते झेलतो आणि मरतो. मूल वाचते, तो रावण. व्हिक्टरच्या बायकोच्या पोटात जे मूल आहे, तो एडी. पुढची सारी कादंबरी म्हणजे वाचलेल्याचे आणि वंचिताचे एकाच जिन्यावरून वर-खाली जाणे. रावण हा खरा प्रतिनायक आहे, नावापासून. 'दशरूपका'तला आणि आधुनिक, दोन्ही अर्थांनी. त्याच्या असण्याचा खर्च दुसऱ्याने केला आहे आणि तो फेडता येणार नाही, हे कादंबरी पहिल्याच प्रसंगात ठरवून टाकते. शूद्रकाच्या वसंतसेनेने कडे स्वखुशीने दिले होते. व्हिक्टरने काही दिले नाही, ते त्याच्याकडून घेतले गेले. तरीही दोन्ही ठिकाणी वाचकाला किंमत कळते. या बाबतीत नगरकर शूद्रकाला नेमाड्यांपेक्षा जवळचे आहेत. त्यांच्या विनोदाची जात शूद्रकाची आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

नेमाडे स्वतः या प्रश्नाकडे परत आले ते 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) मध्ये. खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक मोहेंजोदडोच्या उत्खननावर आहे. वडिलांच्या आजाराची बातमी येते, तो मोरगावकडे निघतो, वडील जातात. आता शेत, घर आणि त्यांच्यासह आलेले सगळे काही त्याच्यासमोर आहे. पांडुरंगाच्या बाबतीत जे नशीब पार्श्वभूमीत होते तेच येथे थेट कथानकाच्या मध्यभागी आणून ठेवले आहे; इतकेच नव्हे, शीर्षकातच. समृद्ध अडगळ म्हणजे न कमावता मिळालेले आणि न टाकता येणारे. 'कोसला' आणि 'हिंदू' यांमधल्या सत्तेचाळीस वर्षांत नेमाड्यांची भाषा, आवाका, इतिहासाकडे पाहण्याची दृष्टी यांत पडलेल्या फरकाविषयी पुष्कळ लिहिले गेले. मला जाणवणारा फरक असा की, वारसा हा पांडुरंगाला दिसत नव्हता, खंडेरावाला तो फार दिसतो. इतका की, तो त्याला सगळ्या समूहाचा वारसा करून टाकतो. येथे माझी तक्रार आहे. वैयक्तिक नशिबाला संस्कृतीएवढे मोठे केले की, ते पुन्हा दिसेनासे होते. सिंधू संस्कृतीपासूनची अडगळ सर्वांची असते. मोरगावचे शेत मात्र एकाच्या नावावर चढते. खंडेराव ते घ्यावे की सोडावे याचा विचार करतो आणि सोडण्याचा विचार करता येणे हीच मालकीची खूण आहे. घरातल्या बायकांना, बाहेरच्या राबणाऱ्यांना असा पेच पडत नाही.

अर्थात, याच कादंबरीत बायकांचे आवाज जेवढे आहेत तेवढे 'कोसला'त नव्हते, आणि ते आवाज खंडेरावाच्या चिंतनाला मधूनच छेद देतात, हे नोंदवले पाहिजे. नेमाड्यांमधला कादंबरीकार त्यांच्यातल्या सिद्धान्तकारापेक्षा नेहमीच अधिक सावध राहिला आहे. सिद्धान्त समूहाचे बोलतो, कादंबरी मात्र अंगणात कोण बसले आणि ओट्यावर कोण, हे न विसरता लिहिते.

संस्कृतात घुणाक्षर नावाचा आणखी एक न्याय आहे. लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या वाटचालीतून कधी एखादे अक्षर उमटते. किड्याला ते ठाऊक नसते. 'कोसला' म्हणजे कोश, किड्याने स्वतःभोवती विणलेला. पांडुरंगाचे एकमेव यश जर कोणते असेल, तर त्याचे निवेदन हे आहे. आणि तेही त्याने मिळवावे म्हणून मिळवलेले नाही. सांगवीच्या वाड्यात, खायची-ल्यायची चिंता नसलेल्या रिकाम्या वेळात ते उमटले. सालदाराच्या मुलाचा प्रश्न पानांच्या संख्येविषयी होता. त्याला त्या दिवशी मी काय सांगायला हवे होते, याचा विचार नंतर पुष्कळ केला. त्याची कादंबरी मनीच्या प्रकरणाच्या आधीच संपली असती, किंवा तेथूनच सुरू झाली असती. यांपैकी काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तो मुलगा पुढे एम. ए. झाला. प्रबंधासाठी विषय घेऊन आला तेव्हा कागदावर 'धग' लिहिलेले होते.